सी भाषेत दोन प्रोसेसमध्ये शेअर्ड मेमरी : निर्मितीपासून काढून टाकण्यापर्यंत

प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामला, ऑपरेटिंग सिस्टिम स्वतंत्र व्हर्च्युअल ॲड्रेस स्पेस, म्हणजे स्वतःचाच मेमरी-पत्त्यांचा संच, देते. त्यामुळे एका प्रोसेसमधील पॉइंटर दुसऱ्या प्रोसेसच्या दृष्टीने निरर्थक असतो आणि एकीच्या चुकीमुळे दुसरीची मेमरी बिघडत नाही. हे संरक्षण हवेच असते. पण दोन प्रोसेसना सतत आणि मोठ्या प्रमाणात डेटा वाटून घ्यायचा असेल, तर तेच आड येते. पाइप किंवा सॉकेट वापरल्यास डेटा आधी पाठवणाऱ्याकडून कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, आणि मग कर्नलमधून घेणाऱ्याकडे, असा दोनदा कॉपी होतो, शिवाय प्रत्येक वेळी सिस्टिम कॉल करावा लागतो. शेअर्ड मेमरीत मात्र प्रत्यक्ष रॅममधली तीच पाने दोन्ही प्रोसेसच्या ॲड्रेस स्पेसमध्ये जोडली जातात. जोडणी झाली की कर्नल बाजूला होतो. वेग येतो तो यामुळेच आणि बहुतेक अडचणीही येतात त्या यामुळेच, कारण कोण कधी लिहीत आहे यावर लक्ष ठेवणारे मध्ये कोणीच उरत नाही.

शेअर्ड मेमरी तयार करण्यासाठी लागणारे फंक्शन कॉल मोजकेच आहेत आणि ते तासाभरात शिकता येतात. खरा विचार लागतो तो तीन प्रश्नांना : मेमरी तयार कोणी करायची, ती वापरण्यास तयार झाली हे दुसऱ्याला कसे कळायचे, आणि ती काढून कोणी टाकायची. कोड लिहिण्यापूर्वी या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत, असा माझा आग्रह आहे.

पुढील विवेचन लिनक्स आणि पॉझिक्स (युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीचे सामाईक मानक) पद्धतीला धरून आहे. जुनी सिस्टिम फाइव्ह (युनिक्सची एक जुनी आवृत्ती) पद्धत अजूनही अनेक ठिकाणी चालते आणि तिच्याविषयी शेवटी लिहिले आहे, पण नवीन प्रोग्रामसाठी पॉझिक्सचीच निवड करावी. फंक्शनची आणि फ्लॅगची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. टंकताना फंक्शनची नावे लहान आणि फ्लॅगची नावे मोठ्या रोमन अक्षरांत लिहायची असतात.

उदाहरण म्हणून अशी मांडणी घेऊ : एक प्रोग्राम सेन्सरकडून दर सेकंदाला तापमान वाचतो आणि ते शेअर्ड मेमरीत लिहितो. दुसरा प्रोग्राम तेथून ते वाचून पडद्यावर दाखवतो. पहिल्याला लेखक आणि दुसऱ्याला वाचक म्हणू. दोघांपैकी कोणताही आधी सुरू होऊ शकतो, कोणताही मध्येच बंद पडू शकतो, आणि तरीही व्यवस्था सावरली पाहिजे.

पहिली पायरी : मेमरीची रचना ठरवणे

दोन्ही प्रोग्राम वापरतील अशी एकच हेडर फाइल करावी आणि तीत एक स्ट्रक्चर लिहावे. त्यात सुरुवातीला एक ठरावीक खूण-क्रमांक, मग रचनेची आवृत्ती, मग 'सज्ज' नावाचा ॲटॉमिक (अर्धवट वाचला-लिहिला न जाणारा) फ्लॅग, मग एक म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप), आणि त्यानंतर प्रत्यक्ष डेटा, म्हणजे नोंदींची संख्या आणि नोंदींचा ॲरे असावा. खूण-क्रमांक आणि आवृत्ती ही अनावश्यक सजावट वाटते. पण सहा महिन्यांनी स्ट्रक्चरमध्ये एक फील्ड वाढते, लेखक नव्याने कंपाइल होतो, वाचक जुनाच राहतो, आणि पडद्यावर उणे चार हजार अंश तापमान दिसू लागते, तेव्हा तिचे मोल कळते.

स्ट्रक्चरमध्ये पॉइंटर ठेवू नये. तीच मेमरी लेखकाकडे एका ॲड्रेसवर आणि वाचकाकडे दुसऱ्याच ॲड्रेसवर जोडली जाऊ शकते, त्यामुळे लेखकाने ठेवलेला पॉइंटर वाचकाकडे भलतीकडेच बोट दाखवतो. आतल्या आत संदर्भ द्यायचाच असेल, तर सुरुवातीपासूनचे अंतर बाइटमध्ये ठेवावे किंवा ॲरेचा इंडेक्स ठेवावा. साध्या इंट किंवा लाँगऐवजी निश्चित रुंदीचे पूर्णांक वापरावेत. ३२ बिट आणि ६४ बिट प्रोग्राम एकाच मेमरीवर चालवण्याचा मोह तर टाळावाच : ६४ बिट लिनक्सवर, एक्स८६ प्रोसेसरसाठी, पीथ्रेड म्युटेक्सचा आकार ४० बाइट असतो आणि ३२ बिटमध्ये तो २४ बाइट असतो, म्हणजे त्यापुढची सगळी फील्ड्स सरकतात. स्टॅटिक ॲसर्ट वापरून स्ट्रक्चरचा आकार कंपाइल होतानाच तपासून घ्यावा.

दुसरी पायरी : मेमरी ऑब्जेक्ट तयार करणे

लेखकाने पुढील कॉल करावा.

एफडी = एसएचएम_ओपन("/तापमान", ओ_क्रिएट | ओ_एक्सक्ल | ओ_आरडीडब्ल्यूआर, ०६००);

नाव तिरक्या रेघेने सुरू व्हावे आणि नंतर त्यात दुसरी तिरकी रेघ नसावी. लिनक्सवर नाव २५५ बाइटपर्यंत चालते आणि ते देवनागरीतही देता येते. फक्त यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रांसह, ३ बाइट घेते हे लक्षात ठेवावे. वरचे नाव म्हणजे १९ बाइट झाले. मॅकओएसवर मर्यादा ३१ बाइटच्या आसपास संपते, तेव्हा प्रोग्राम तिकडेही चालवायचा असेल तर नाव आखूडच ठेवलेले बरे.

ओ_क्रिएट या फ्लॅगच्या रोमन स्पेलिंगमध्ये शेवटचे ई अक्षर नसते. कंपायलरने नाव ओळखत नसल्याची तक्रार केली तर प्रथम तेच पाहावे. ओ_एक्सक्ल जोडल्याने 'नसेल तरच तयार कर' असा अर्थ होतो. ऑब्जेक्ट आधीच असेल तर कॉल उणे एक परत करतो आणि एररनोमध्ये (शेवटच्या एररचा क्रमांक ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) ईएक्झिस्ट येते. हा फ्लॅग न जोडता काम चालते असे वाटते, परंतु मग आपण मेमरी नव्याने तयार केली की कोणाची तरी जुनी उघडली, हे कळायला मार्ग राहत नाही, आणि पुढची सुरुवातीची मांडणी करावी की नाही हे त्यावरच अवलंबून असते.

परवानगीच्या आकड्यातले पहिले शून्य विसरू नये. शून्य असले तर सी भाषा तो आकडा ऑक्टल समजते. नुसते ६०० लिहिले तर ते दशमान धरले जाते आणि ऑक्टलमध्ये त्याचे ११३० होते. म्हणजे मालकाला वाचण्याची आणि लिहिण्याची परवानगीच मिळत नाही. गंमत अशी की लेखक तरीही व्यवस्थित चालतो, कारण परवानगी पुढच्या उघडण्यांना लागू होते, तयार करणाऱ्याच्या चालू डिस्क्रिप्टरला (एसएचएम_ओपनने दिलेल्या एफडी या क्रमांकाला) नाही. वाचक मात्र त्याच युजरने चालवूनही 'परमिशन डिनाइड' म्हणून परत येतो आणि माणूस दोष वाचकाच्या कोडमध्ये शोधत बसतो.

तिसरी पायरी : आकार देणे

नव्या ऑब्जेक्टचा आकार शून्य बाइट असतो. एफट्रंकेट या फंक्शनला डिस्क्रिप्टर आणि स्ट्रक्चरचा साइझऑफ देऊन तो वाढवावा; वाढलेला भाग शून्यांनी भरलेला मिळतो. ही पायरी विसरली तरी पुढच्या पायरीतला, मेमरी जोडणारा एममॅप हा कॉल बिनतक्रार यशस्वी होतो, आणि पहिल्याच वाचनाला किंवा लेखनाला प्रोसेस 'बस एरर' म्हणजे सिगबस सिग्नल मिळून मरते. 'सेगमेंटेशन फॉल्ट'ऐवजी 'बस एरर' दिसली तर पॉइंटर तपासण्याआधी आकार तपासावा.

याच पायरीवर आणखी एक खोड आहे. लिनक्समध्ये हे ऑब्जेक्ट /डेव्ह/एसएचएम येथील टीएमपीएफएस या, डिस्कऐवजी मेमरीत ठेवलेल्या फाइल सिस्टिममध्ये राहतात, तिची मर्यादा सहसा एकूण रॅमच्या निम्मी असते, आणि एफट्रंकेट जागा प्रत्यक्ष राखून ठेवत नाही, केवळ आकार नोंदवतो. पाने लागतील तशी मिळतात. त्यामुळे जागा संपलेली असली तरी एफट्रंकेट यशस्वी होतो आणि दणका नंतर, लिहिताना, पुन्हा सिगबसच्या रूपाने बसतो. डॉकर कंटेनरमध्ये (प्रोग्राम वेगळा ठेवून चालवण्याच्या बंदिस्त कप्प्यात) /डेव्ह/एसएचएम मुळातच फक्त ६४ एमबी असते; कंटेनरमध्ये क्रोम ब्राउझर कोसळण्याचे एक प्रसिद्ध कारण हेच आहे. मोठी मेमरी लागणार असेल तर एफट्रंकेटऐवजी पॉझिक्स_एफॲलोकेट वापरावे. ते जागा तिथल्या तिथे राखते आणि नसेल तर तेव्हाच एरर देते, जी आपल्याला नीट हाताळता येते. मात्र हे फंक्शन एररचा क्रमांक थेट परत करते, एररनोमध्ये ठेवत नाही.

चौथी पायरी : ॲड्रेस स्पेसमध्ये जोडणे

पी = एममॅप(नल, आकार, प्रॉट_रीड | प्रॉट_राइट, मॅप_शेअर्ड, एफडी, ०);

पहिल्या जागी नल दिले की ॲड्रेस कर्नल निवडतो आणि तसेच असू द्यावे. मॅप_शेअर्डऐवजी चुकून मॅप_प्रायव्हेट लिहिले तर कोणतीही एरर येत नाही. लेखक लिहीत राहतो, त्याची स्वतःची वेगळी प्रत बदलत राहते, आणि वाचकाला कायम शून्येच दिसतात. अपयश तपासताना परत आलेली किंमत नलशी नव्हे, तर मॅप_फेल्डशी ताडावी, कारण अपयशात एममॅप नल देत नाही. जोडणी झाल्यावर डिस्क्रिप्टर क्लोज केला तरी चालते. मेमरी जोडलेलीच राहते.

पाचवी पायरी : मांडणी आणि 'सज्ज' फ्लॅग

आता लेखकाने म्युटेक्स तयार करावा, नोंदींची संख्या शून्य करावी, खूण-क्रमांक आणि आवृत्ती लिहावी, आणि अगदी शेवटी 'सज्ज' फ्लॅगमध्ये एक ठेवावा. हा क्रम महत्त्वाचा आहे. शेवटचे लेखन सी११ मधील ॲटॉमिक स्टोअरने, मेमरी_ऑर्डर_रिलीज हा क्रम देऊन करावे, म्हणजे कंपायलर किंवा प्रोसेसर आधीची लेखने त्याच्या नंतर सरकवू शकत नाहीत. येथे व्होलटाइल पुरेसे आहे असा समज जुन्या कोडमध्ये वारंवार दिसतो. तो चुकीचा आहे, कारण व्होलटाइल कंपायलरला काही प्रमाणात आवरते, पण इतर व्हेरिएबल्सच्या लेखनाशी क्रम राखण्याची हमी देत नाही.

म्युटेक्स नेहमीच्या पद्धतीने तयार केला तर तो एकाच प्रोसेसमधल्या थ्रेड्सपुरता, म्हणजे तिच्यात समांतर चालणाऱ्या धाग्यांपुरता, असतो. त्याच्या ॲट्रिब्यूट ऑब्जेक्टवर दोन गोष्टी ठरवाव्या लागतात : सेटपीशेअर्डने पीथ्रेड_प्रोसेस_शेअर्ड, आणि सेटरोबस्टने पीथ्रेड_म्युटेक्स_रोबस्ट. दुसरी गोष्ट बहुतेक प्राथमिक उदाहरणांत गाळलेली असते. ती का हवी हे सातव्या पायरीत येईल.

सहावी पायरी : वाचकाने मेमरी उघडणे

वाचक एसएचएम_ओपन हेच फंक्शन वापरतो, पण ओ_क्रिएट देत नाही. लेखक अजून सुरू झालेला नसेल तर ईनोएंट ही एरर येते. अशा वेळी थोडा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करावा. वाचकालाही ओ_क्रिएट देऊन 'जो आधी येईल त्याने तयार करावे' अशी सोय काही जण करतात. तसे करता येते, परंतु मग मांडणीची जबाबदारी दोघांत विभागली जाते आणि कोड दुप्पट होतो. मालक एकच असावा.

उघडता आले म्हणजे मेमरी तयार आहे असे नाही. लेखकाचा एसएचएम_ओपन आणि एफट्रंकेट यांच्यामध्ये काही मायक्रोसेकंदांची फट असते आणि वाचक नेमका त्या फटीत पोहोचला तर त्याला शून्य आकाराचे ऑब्जेक्ट मिळते. म्हणून एममॅप करण्यापूर्वी एफस्टॅटने आकार पाहावा, आणि तो स्ट्रक्चरपेक्षा कमी असेल तर नॅनोस्लीपने दहा-वीस मिलिसेकंद थांबून पुन्हा पाहावा. त्यानंतर एममॅप करावे, 'सज्ज' फ्लॅग मेमरी_ऑर्डर_ॲक्वायर देऊन वाचावा, तो एक होईपर्यंत थांबावे, आणि मगच खूण-क्रमांक व आवृत्ती ताडून पाहावी. या दोन थांब्यांना कमाल मुदत घालावी. नाहीतर लेखक मांडणीच्या मध्येच मेला तर वाचक अनंतकाळ वाट पाहत बसेल.

वाचकाला फक्त वाचायचे असले तरी म्युटेक्स लॉक करण्यासाठी त्याला त्या मेमरीत लिहावे लागते, म्हणून त्यानेही ओ_आरडीडब्ल्यूआर देऊनच उघडावे लागते. वाचकावर एवढा विश्वास टाकायचा नसेल, तर म्युटेक्सऐवजी क्रम-गणक ठेवता येतो : लेखक लिहिण्यापूर्वी गणक विषम करतो, लिहून झाल्यावर सम करतो, वाचक आधी आणि नंतर गणक वाचतो आणि तो विषम असेल किंवा बदललेला असेल तर वाचलेले टाकून पुन्हा वाचतो. यात डेटाची फील्ड्सही ॲटॉमिक असावी लागतात आणि मेमरी क्रमाचे नियम नीट पाळावे लागतात, त्यामुळे पहिल्याच प्रोग्राममध्ये या वाटेला जाऊ नये.

सातवी पायरी : लॉक घेऊन वाचणे-लिहिणे

लेखकाने म्युटेक्स लॉक करावा, नोंद लिहावी, संख्या वाढवावी, अनलॉक करावे. वाचकाने लॉक करून हवा तेवढा भाग स्वतःच्या लोकल व्हेरिएबलमध्ये कॉपी करावा, अनलॉक करावे, आणि मग सावकाश छापावे. लॉक हातात असताना प्रिंटएफ करू नये. टर्मिनल अडकले तर लेखकही अडकतो.

आता रोबस्टचे कारण. लेखकाने लॉक घेतला आहे आणि नोंद अर्धी लिहिली आहे, एवढ्यात कोणीतरी त्याला 'किल' कमांडने उणे नऊ देऊन मारले. थ्रेड्समध्ये असे होत नाही, कारण प्रोसेस मेली की सगळेच थ्रेड मरतात आणि लॉकची वाट पाहणारा कोणी उरत नाही. येथे मात्र मेमरी आणि तिच्यातला बंद लॉक मागे राहतो. साध्या म्युटेक्सवर किंवा सेमाफोरवर (मोजणी ठेवणाऱ्या तशाच अडसरावर) वाचक कायमचा थिजून बसतो. रोबस्ट म्युटेक्सवर वाचकाच्या लॉक कॉलला ईओनरडेड ही किंमत परत मिळते. तिचा अर्थ असा की लॉक तुम्हाला मिळाला आहे, पण आधीचा धारक तो सोडण्यापूर्वी मेला, तेव्हा डेटा अर्धवट असू शकतो. अशा वेळी डेटा तपासावा, संशयास्पद नोंद टाकून द्यावी, पीथ्रेड_म्युटेक्स_कन्सिस्टंट हे फंक्शन बोलवावे, आणि मगच अनलॉक करावे. हे फंक्शन न बोलवता अनलॉक केले तर म्युटेक्स कायमचा निकामी होतो आणि नव्याने तयार करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणजेच लॉकची परत आलेली किंमत न तपासणारा कोड रोबस्ट म्युटेक्स वापरूनही उपयोगाचा नाही.

आठवी पायरी : सोडणे आणि काढून टाकणे

येथे दोन वेगळ्या क्रिया आहेत. एमअनमॅप आपल्या प्रोसेसची जोडणी तोडते. प्रोसेस संपल्यावर ती आपोआपही तुटते. एसएचएम_अनलिंक मात्र ऑब्जेक्टचे नाव काढून टाकते, आणि ते आपोआप कधीच होत नाही. सगळ्या प्रोसेस संपल्या तरी मेमरी, मशीन रीबूट होईपर्यंत, तशीच अडून राहते. अनलिंक केल्यावर ज्यांनी आधी जोडणी केलेली आहे त्यांचे काम चालू राहते आणि शेवटची जोडणी सुटली की मेमरी मोकळी होते.

अनलिंक फक्त मालकाने, म्हणजे आपल्या उदाहरणात लेखकाने, व्यवस्थित बंद होताना करावे. तो अपघाताने मेला असेल तर पुढच्या वेळी सुरू होताना त्याला ईएक्झिस्ट मिळेल, आणि तेव्हा काय करायचे हे आधीच ठरलेले हवे. सरसकट अनलिंक करून नवे ऑब्जेक्ट तयार करणे सोपे आहे, परंतु चालू असलेले वाचक जुन्या, निनावी झालेल्या मेमरीलाच चिकटून राहतात आणि त्यांना तेच गोठलेले तापमान दिसत राहते, कोणतीही एरर न येता. म्हणून जुने ऑब्जेक्ट उघडून आकार, 'सज्ज' फ्लॅग, खूण आणि आवृत्ती तपासावी. सर्व जुळले तर तेच पुढे वापरावे, न जुळल्यासच अनलिंक करावे. दोन लेखक एकाच वेळी चालू नसावेत यासाठी एका वेगळ्या फाइलवर एफलॉक घ्यावा. प्रोसेस मेली की तो लॉक कर्नल स्वतःच सोडतो. वाचकाच्या बाजूनेही प्रत्येक नोंदीत वेळ ठेवून, ती पाच-दहा सेकंदांपेक्षा जुनी झाली की पडद्यावर तसे दाखवणे शहाणपणाचे आहे.

कंपाइल करणे आणि आत डोकावणे

जीसीसीला उणे पीथ्रेड हा पर्याय द्यावा. जीलिबसी (लिनक्सवरील सीची प्रमाण लायब्ररी) २.३४ पूर्वीच्या सिस्टिमवर उणे एलआरटी देखील लागतो आणि तो सोर्स फाइलच्या नावानंतर लिहावा, अन्यथा 'अनडिफाइन्ड रेफरन्स' अशी लिंकरची तक्रार येते. २०२१ मध्ये आलेल्या २.३४ पासून ही फंक्शन्स मुख्य लायब्ररीतच आहेत.

लिनक्सची एक मोठी सोय म्हणजे हे ऑब्जेक्ट साध्या फाइलसारखे दिसतात. एलएस उणे एल कमांडने /डेव्ह/एसएचएम पाहिले की नाव, आकार आणि परवानगी समोर येते. आकार शून्य दिसला तर एफट्रंकेट झालेले नाही. त्याच फाइलवर हेक्सडंप उणे मोठा सी चालवला की खूण-क्रमांक पहिल्या ओळीतच दिसतो, मात्र x८६ वर लिटल एंडियनमुळे, म्हणजे सर्वांत कमी किमतीचा बाइट आधी ठेवण्याच्या पद्धतीमुळे, त्याचे बाइट उलट क्रमाने येतात. /प्रॉक खालील त्या प्रोसेसच्या मॅप्स फाइलमध्ये जोडणीचा ॲड्रेस दिसतो, आणि नावापुढे 'डिलीटेड' असे लिहिलेले आढळले तर ती प्रोसेस अनलिंक झालेल्या मेमरीवर काम करत आहे हे नक्की.

दोन्ही प्रोसेस एकाच प्रोग्राममधून फोर्कने (चालू प्रोसेसची प्रत काढणाऱ्या कॉलने) निर्माण होत असतील तर नावाची गरजच नाही. फोर्कपूर्वी मॅप_शेअर्ड आणि मॅप_अनॉनिमस हे फ्लॅग देऊन एममॅप करावे, डिस्क्रिप्टरच्या जागी उणे एक द्यावे, आणि ती मेमरी पालक व अपत्य दोघांना मिळते. काढून टाकण्याचा प्रश्नही सुटतो. अपत्याने एक्झेक केले, म्हणजे स्वतःच्या जागी दुसरा प्रोग्राम चालवला, तर मात्र जोडणी नाहीशी होते.

सिस्टिम फाइव्ह पद्धत

जुन्या कोडमध्ये एसएचएमगेट, एसएचएमएटी, एसएचएमडीटी आणि एसएचएमसीटीएल ही फंक्शन्स भेटतील. तेथे नावाऐवजी पूर्णांक 'की' (ओळख-क्रमांक) असते, आणि ती बहुधा एफटॉक या फंक्शनने एखाद्या फाइलच्या मार्गावरून काढलेली असते. ती फाइल काढून पुन्हा तयार केली तर मार्ग तोच राहूनही आयनोड (फाइलचा आतला क्रमांक) बदलतो आणि ती 'की' बदलू शकते. आकार निर्मितीच्या वेळीच ठरतो आणि नंतर बदलत नाही. अपयशात एसएचएमएटी देखील नल नव्हे, तर उणे एकचा पॉइंटर देते. कर्नलच्या मर्यादा हा एके काळी या पद्धतीचा मोठा जाच होता : लिनक्सवर एका सेगमेंटची (या पद्धतीतील मेमरीच्या तुकड्याची) डीफॉल्ट कमाल मर्यादा अनेक वर्षे ३२ एमबी होती आणि ती २०१४ मधील ३.१६ या कर्नलमध्ये जवळजवळ अमर्याद झाली. पोस्टग्रेस डेटाबेसने त्याच्या एक वर्ष आधी, ९.३ या आवृत्तीत, आपली मुख्य मेमरी सिस्टिम फाइव्हकडून निनावी एममॅपकडे नेली, त्यामुळे नव्याने इन्स्टॉल करणाऱ्याची कर्नल सेटिंग वाढवण्याची कटकट बहुतांशी गेली.

हे सेगमेंट /डेव्ह/एसएचएममध्ये दिसत नाहीत. आयपीसीएस उणे एम कमांड त्यांची यादी देते, शेवटच्या भागातील 'एनअटॅच' रकाना किती जोडण्या आहेत ते सांगतो, आणि शून्य जोडण्यांचा बेवारस सेगमेंट आयपीसीआरएम उणे एम आणि त्याचा आयडी देऊन काढता येतो. याउलट, मेमरी आपण न काढताच गायब झाली, आणि तीही सर्व्हरवरून लॉगआउट केल्यावर, तर सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस आणि सेशन सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या) लॉगइनडी सेटिंगमधील रिमूव्हआयपीसी पाहावे. ते चालू असताना साध्या युजरचे शेवटचे सेशन संपले की त्याचे सिस्टिम फाइव्ह सेगमेंट आणि पॉझिक्स ऑब्जेक्ट दोन्ही पुसले जातात. लेखक कायम चालणारा असेल तर तो सिस्टिम युजरखाली सर्व्हिस म्हणून चालवावा.